भिंतीवर कुठलं मशीन? एनियाक, सिस्टीम/३६० आणि क्रे-१

कामाच्या टेबलासमोर जुन्या मेनफ्रेमचं, म्हणजे मोठ्या संस्थांच्या खोलीभर पसरलेल्या कॉम्प्युटरचं, चित्र लावायचं ठरलं की गाडी बहुतेक वेळा तीन नावांपाशी अडते: एनियाक, आयबीएमचं सिस्टीम/३६० आणि क्रे-१. क्रे खरं तर सुपरकॉम्प्युटर, पण विकणारे सरसकट मेनफ्रेमच म्हणतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. मशीन किती गाजलं ते नंतर बघा. आधी हे बघा, की दोन फुटांवरून त्या चित्रात वाचण्यासारखं काही उरतंय का. खुर्चीत बसून तुम्ही ते रोज तेवढ्याच अंतरावरून बघणार आहात.

या परीक्षेत सिस्टीम/३६० सहज पुढे जातं. आयबीएमने ही मालिका ७ एप्रिल १९६४ला जाहीर केली. तोवर मोठं मशीन घेतलं की जुने प्रोग्रॅम बहुधा नव्याने लिहावे लागत. इथे लहान मॉडेलवरचा प्रोग्रॅम मोठ्यावर चालेल अशी आखणी होती आणि तो वारसा आजच्या मेनफ्रेमपर्यंत टिकलाय. पुण्यात बसून परदेशी बँकेचे कोबोल या जुन्या भाषेतले मेनफ्रेम प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या माणसाच्या घरी हे चित्र म्हणजे पणजोबांचा फोटोच. कॅबिनेट लाल, निळी, पिवळी अशी मिळत, त्यामुळे पांढऱ्या भिंतीवर रंगही उठून दिसतो.

फक्त अख्ख्या खोलीचं दृश्य घेऊ नका. त्यात टेप ड्राइव्हची रांग आणि पाठमोरा ऑपरेटर दिसतो, बाकी नुसती फरशी. कन्सोलचं, म्हणजे मशीन चालवायच्या पॅनेलचं, जवळून घेतलेलं चित्र घ्या. दिव्यांच्या रांगा, गोल फिरवायच्या खुंट्या आणि आणीबाणीत ओढायची ती लाल मूठ, जिच्यावर तसं लिहिलेलंही असतं. ती अक्षरं वाचता आली पाहिजेत. हल्ली एआयने बनवलेली ‘व्हिंटेज’ पोस्टरं भरपूर विकली जातात, आणि ती याच अक्षरांत पकडली जातात. लांबून सगळं झकास, जवळ गेलं की बटणांखाली नुसती गिचमीड.

एनियाकचं आकर्षण वेगळं आहे. फिलाडेल्फियातलं हे मशीन फेब्रुवारी १९४६मध्ये लोकांसमोर आलं: सुमारे १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब (जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्या) आणि ३० टनांच्या घरात वजन. फोटो कृष्णधवल, त्यामुळे खोलीच्या रंगाशी भांडण नाही. घ्यायचाच तर बेटी जेनिंग्ज आणि फ्रान्सिस बिलास पॅनेलसमोर उभ्या आहेत तो घ्या. एनियाकच्या सुरुवातीच्या सहा प्रोग्रॅमर बायकांपैकी या दोघी. कित्येक वर्षं अशा फोटोंखाली त्यांची नावंही नसत. कडा कापून नुसतं मशीन ठेवलेली प्रिंट दिसली तर मी पुढे जातो. हा फोटो अमेरिकी लष्कराचा, म्हणून कॉपीराइटमुक्त आहे. मोठा स्कॅन मिळाला तर स्वतःच छापून घ्या आणि वाचलेले पैसे फ्रेमवर घाला. आयबीएमच्या जाहिरातींतल्या फोटोंना मात्र ही मोकळीक गृहीत धरू नका.

क्रे-१बद्दल थोडक्यात. पहिलं मशीन १९७६मध्ये लॉस अलामोसला, अमेरिकेच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेत गेलं. तारा आखूड राहाव्यात म्हणून इंग्रजी ‘सी’ आकाराचा मनोरा, आणि भोवतीच्या गादीच्या बाकाखाली वीजपुरवठ्याची यंत्रणा. उभ्या, अरुंद भिंतीवर किंवा हॉलमध्ये छान दिसतं. पाहुणे हमखास विचारतात, हा सोफा कुठे मिळतो? टेबलासमोर मात्र चार दिवसांत बघून संपतं.

मनातून मला हवं होतं ते टिफ्रॅक. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेलं, १९६०मध्ये पूर्ण झालेलं मशीन. त्याची तयार प्रिंट मला कुठल्याच दुकानात दिसली नाही.

आता छपाई. ए२ आकाराची छोटी बाजू साधारण साडेसोळा इंच. १२०० पिक्सेल रुंदीची फाइल त्यावर ताणली तर इंचाला जेमतेम ७२ ठिपके पडतात. जवळून बघायचं चित्र असेल तर ३०० हवेत, म्हणजे सुमारे ४,९५० पिक्सेल. फाइल तेवढी नसेल तर निमूट ए३वर या. मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून कॅनव्हासवर कन्सोल मागवला होता. विणीच्या खडबडीत पोतात दिव्यांखालची सगळी अक्षरं बुडाली आणि वर उत्तर आलं की कॅनव्हास असाच असतो. ते खरंच आहे म्हणा. बारीक तपशिलाला मॅट कागदच बरा.

एनियाकसारख्या गडद फोटोवर साधी काच लावलीत तर पॅनेलऐवजी समोरची ट्यूबलाइट दिसत राहील. चमक न मारणारी काच महाग पडते, पण इथे तीच घ्या. मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर फ्रेमवाल्याला माउंट (कागद आणि काच यांत अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट) घालायला सांगाच, नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो आणि बुरशीचे ठिपके धरतो.

माझ्या टेबलासमोर सध्या ए३ मॅट कागदावर ३६०चा कन्सोल आहे. जेनिंग्ज आणि बिलास दाराशेजारी आहेत, तिथे ट्यूबलाइट पोचत नाही.