फोर्ट कोची-मट्टांचेरी हेरिटेज वॉक: गाईड भारी, रूट मात्र अर्धाच जमलाय

अर्ध्या दिवसाचा वॉक, सकाळी फोर्ट कोचीतून सुरू होतो आणि दुपारी मट्टांचेरीत संपतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, तिथे सगळ्यांचा रूट थोडाफार असाच असतो. माझ्याकडून ५ पैकी साडेतीन.

सुरुवात मासेमारीच्या चिनी जाळ्यांपाशी. दोराला दगड टांगून वजन साधलेलं असतं आणि चार-पाच जण मिळून ते अवाढव्य जाळं पाण्यात सोडतात, वर काढतात. बघायला मजा येते पण गर्दी फार, आणि दोर ओढायला बोलावून फोटोचे पैसे मागणारेही आहेत. तिथून सेंट फ्रान्सिस चर्च. इथे गाईड खरा खुलला. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीतच वारला आणि याच चर्चमध्ये पुरला गेला, नंतर अवशेष पोर्तुगालला नेले, एवढं तर सगळेच सांगतात. पण आधी पोर्तुगीज कॅथलिक, १६६३ नंतर डच प्रोटेस्टंट, मग इंग्रजांचं अँग्लिकन आणि आता सीएसआय (चर्च ऑफ साउथ इंडिया), एकाच इमारतीने किती मालक बघितले हे त्याने भिंतीतले थडग्यांचे दगड दाखवून सांगितलं, तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. बाहेरून दोरी ओढून हलवायचे ते कापडी पंखे अजून छताला लटकलेत, ते चुकवू नका.

डच पॅलेस नावाला डच. बांधला पोर्तुगीजांनी, कोचीच्या राजाला नजराणा म्हणून, डचांनी फक्त डागडुजी केली. आत भिंतींवर रामायण रंगवलंय, त्यासमोर तास घालवला तरी कमीच. बाजूलाच १५६८ चं 'परदेशी सिनेगॉग' नावाचं ज्यूंचं प्रार्थनास्थळ, फरशीला हाताने रंगवलेल्या चिनी टाइल्स. १६६२ मध्ये पोर्तुगीजांनी त्याची नासधूस केली, पुढच्या वर्षी डच आले आणि ज्यू लोकांनी ते परत उभं केलं. राजवाड्याच्या देवळाला अगदी खेटून सिनेगॉग, हे बघून आमच्या ग्रुपमधले सगळे गप्पच झाले. आता तिथली बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेलीत, ज्यू टाउनमध्ये उरलीत ती मुख्यतः अँटिकची दुकानं.

आणि नेमकी इथेच माझी तक्रार. त्या दुकानांमध्ये आम्हाला भरपूर वेळ 'बसवलं', चहा वगैरे, कशासाठी ते आपल्याला कळतंच ना. आणि त्या नादात खरी मट्टांचेरी उरली शेवटच्या घाईत. अहो, गोव्यात पोर्तुगीजांचा जाच सुरू झाल्यावर जे कोकणी सारस्वत दक्षिणेकडे निघाले त्यातले कितीतरी इथे स्थिरावले, मट्टांचेरीच्याच चेरळाई भागातलं त्यांचं तिरुमला देवस्थान आजही गजबजलेलं असतं आणि बाहेर फुलवालीशी कोकणी बोलणाऱ्या आजींचं मला बऱ्यापैकी समजत होतं! पण गाईड म्हणे पुढे चला पुढे चला. गुजराती रोड, जैन मंदिर, कच्छी मेमन (कच्छहून आलेले मुस्लिम व्यापारी), सगळं रिक्षातून हात दाखवून उरकलं. 'वेळी' नावाच्या भागातल्या धोबीखान्यात, जिथे तमिळ वन्नान (परीट) समाजाचे लोक अजून हाताने कपडे धुतात, तिथे तर थांबलोच नाही. लोक कोचीला 'वारसा' बघायला येतात आणि गोऱ्यांनी सोडलेल्या इमारती बघून परत जातात, जे अजून तिथेच राहतायत, दुकान चालवतायत, सण करतायत त्यांच्याकडे कुणी वळतच नाही.

गाईडला मात्र पूर्ण मार्क. पाठ केलेलं बोलत नाही, उलटसुलट प्रश्नांना कंटाळत नाही, मल्याळम-हिंदी-इंग्रजी सगळं येतं.

माझं ऐकाल तर बुक करतानाच सांगून टाका की दुकानं नकोत, तो वेळ चेरळाई आणि धोबीखान्याला द्या, आम्ही विचारलं तेव्हा कळलं की ते असं करून देतात, फक्त आधी सांगावं लागतं. एर्नाकुलमहून येताना टॅक्सी करू नका, सरकारी बोट स्वस्त आणि मस्त. शुक्रवारी पॅलेस बंद आणि शनिवारी सिनेगॉग बंद, तेव्हा वीकेंडला जाणार असाल तर रविवारच धरा.