बायफोकल कॉम्प्युटर सायन्स आणि कॉमर्स-आयटी, दोन्ही घरात होऊन गेले म्हणून हा रिव्ह्यू

दहावीचा निकाल लागला की नागपूरच्या गांधीबागेतल्या आमच्या दुकानात होजिअरी कमी आणि सल्लाच जास्त विकला जातो. भाऊ, पोरीले बायफोकल घेऊन देऊ का, भाऊ, कॉमर्समध्ये आयटी घेतलं तं काही फायदा आहे का. मी काही मास्तर नाही, पण पोरगी कॉम्प्युटर सायन्स घेऊन २०२४ ला बारावी झाली आणि पुतण्या कॉमर्स-आयटी करून २०२५ ला, म्हणून एकदाचं सगळं लिहूनच टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

आधी कॉम्प्युटर सायन्स, म्हणजे राज्य बोर्डाच्या अकरावी-बारावी सायन्समधला बायफोकल (दोन विषयांच्या जागी घ्यायचा) विषय. हा विषय २०० मार्कांचा, आणि हा घेतला की दुसरी भाषा जाते आणि वरून एक विषय अजून जातो. आमच्या पोरीची बायोलॉजी गेली (ती खुश) आणि मराठी गेली (माझी आई दोन दिवस बोलली नाही). ५०-५० चे दोन लेखी पेपर आणि ५०-५० चे दोन प्रॅक्टिकल. पहिल्या पेपरात ऑपरेटिंग सिस्टिम, डेटा स्ट्रक्चर, सी प्लस प्लस, एचटीएमएल. दुसऱ्यात मायक्रोप्रोसेसर, मायक्रोकंट्रोलर, नेटवर्किंग. लोक घेतात ते मार्क पडतात म्हणून, हे खरं सांगायला लाजायचं काही कारण नाही. आमच्या पोरीले २०० पैकी १८७ पडले. पण इंजिनीअरिंगच्या सीईटीत फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सच विचारतात, तिथे हे १८७ कोणी पाहत नाही, हेही आधीच माहीत असू द्या.

आता दुसऱ्या पेपरातला मायक्रोप्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू असलेली चिप, तो ८०८५. इंटेलनं तो १९७६ ला काढला, म्हणजे तो आणि मी एकाच वयाचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीच म्हटलं, काहून बाप्पा, दुनिया कुठल्या कुठं गेली आणि हे पोरांना म्हातारा शिकवून राहिले. पहिल्या पेपराचं प्रॅक्टिकलही तसंच, प्रोग्राम लिहायच्या जुन्या टर्बो सी सॉफ्टवेअरची ती निळी स्क्रीन आणि सी प्लस प्लसच्या प्रोग्रामात वर लिहायच्या आयोस्ट्रीमच्या मागं डॉट एच, जो १९९८ च्या स्टँडर्डमध्येच गेला होता. माझ्या साळीचा पोरगा सीबीएसईत आहे, त्याले त्याच वर्गात पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस), ७० लेखी आणि ३० प्रॅक्टिकल. पोरगी इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला गेली तं तिथं पायथन आलं आणि सीबीएसईवाले पोट्टे पहिल्या आठवड्यापासून पुढं. ही तक्रार खरीच आहे.

पण ८०८५ बद्दल माझं मत बदललं, ते असं. एका रात्री दुकान बंद करून घरी आलो तं पोरगी वहीवर काहीतरी जोडून राहिली होती, मी विचारलं हे काय, म्हणे बाबा एफएफमध्ये, म्हणजे ८०८५ च्या एका डबीत मावणाऱ्या सगळ्यात मोठ्या आकड्यात, एक मिळवला की खाली शून्य शून्य येते आणि हातचा एक वेगळ्या डबीत जातो, त्याले कॅरी फ्लॅग म्हणतात. अरे, हातचा! चौथीत आम्ही कागदाच्या कोपऱ्यात लिहायचो तोच हातचा मशीनमध्ये पण कुठंतरी ठेवावाच लागते, हे मले पन्नाशीत कळलं. तेव्हापासून तिले कॉम्प्युटरची भीती म्हणून राहिली नाही. प्रोग्राम थांबवायचा कोड ७६ आहे हे तिले आजही झोपेत विचारा. पायथननं हे शिकवलं असतं का, मले नाही वाटत.

फक्त हे सगळं कॉलेजात नाही शिकली ती. कॉलेजचं नाव लिहीत नाही, पण लॅब सांगतो. वीस मशीन, चालू आठ-नऊ. ८०८५ चे किट कपाटात, कपाटाची किल्ली सरांजवळ, सर काँट्रॅक्टवर आणि दिवाळीनंतर सर गेले. मग तीन महिने कोणीच नाही. जर्नल अख्ख्या वर्गानं एकाच पोरीचं उतरवलं, त्यात एक चूक होती ती चाळीस जर्नलमध्ये तशीच गेली आणि सह्या पण झाल्या. बायफोकलची फी वेगळी घेतली ती मात्र वेळेवर, पहिल्याच दिवशी. शेवटी आमच्या मोहल्ल्यातले एक रिटायर्ड सर देवासारखे धावून आले, घरच्या लॅपटॉपवर सिम्युलेटर (८०८५ ची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) टाकून त्यांनी दोन महिन्यांत सगळं करून घेतलं. म्हणून फॉर्म भरायच्या आधी कॉलेजात जा, लॅब उघडायला लावा, नुसती बाहेरून पाटी पाहून येऊ नका. आणि प्रॅक्टिकलचं टाइमटेबल मागा, ते लगेच हातात मिळालं नाही तं समजून जा.

कॉमर्सचं आयटी वेगळं. १०० मार्क, त्यात ८० ची परीक्षा कॉम्प्युटरवरच ऑनलाइन आणि २० प्रॅक्टिकल. यात एक मजा आहे. बोर्डाची परीक्षाच मशीनवर होते त्यामुळे पुतण्याच्या कॉलेजात वर्षभर बंद पडलेली लॅब जानेवारीत फटाफट चालू झाली, माऊस सुद्धा नवीन. वर्षभर काय करत होते विचारू नका.

आता कॉमर्सचे बाकीचे विषय. बुक कीपिंग चांगलं, पार्टनर घेतला, पार्टनर निघाला, गुडविल (धंद्याच्या नावाची किंमत) कसं धरायचं, हे आमच्या बाजारात रोजचं आहे. पण कॉलेजात कोणी टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) उघडून दाखवली नाही, ते आमच्या मुनीमजींनी शिकवलं. एसपी म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस, त्यात भागधारकाले पत्र, डिबेंचरवाल्याले (कंपनीचे कर्जरोखे घेणाऱ्याले) पत्र, डिव्हिडंडचं पत्र, सगळं घोकायचं. गांधीबागेत डिबेंचर काढलेला एक माणूस दाखवा, मी तर्री पोहे खाऊ घालतो.

मले आवडलं ते ओसी. वाणिज्य संघटन, सगळे त्याले सोपा विषय म्हणून हिणवतात. दिवाळीच्या गर्दीत पुतण्या दुकानात बसला होता, मी म्हटलं बनियनचे बॉक्स वर चढव, त्याचा बाप म्हणे आधी बिलं बनव, तं हा मधोमध उभा राहून म्हणे, काका, हेन्री फेयॉलनं चौदा तत्त्वं सांगितली आहेत, त्यात एक आहे आदेशाची एकवाक्यता, तुम्ही दोघं आधी ठरवा. गिऱ्हाईक हसून राहिले. त्या दिवसापासून दुकानात हुकूम एकाचाच, आणि तो माझा नाही.

मग ग्राहक संरक्षणाचा धडा आला. आमच्या गल्ल्यामागं वडिलांच्या काळापासून एक पाटी होती, एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. पुतण्या फोनवर २०१९ चा कायदा उघडून आला, म्हणे खराब माल बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिली नसली तं ३० दिवसांत, परत घ्यायले नाही म्हणणं म्हणजे अनुचित व्यापार प्रथा, आणि गिऱ्हाईक आता जिथं राहते तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार टाकू शकते. मी म्हटलं पेपरात लिही अन् गप्प बस. संध्याकाळी पाहतो तं पाटी खाली उतरलेली, आणि त्या जागी दोन खिळे. कॅलेंडर लावलं आहे तिथं आता.