घरी येऊन भाडेकरार रजिस्टर करून देणारी सर्व्हिस: अंगठे चोख, ड्राफ्ट मात्र स्वतः वाचा

ऐरोलीचा आमचा वन बीएचके भाड्याने द्यायचा होता, फ्लॅट माझ्या आणि आईच्या नावावर, आणि आईला गुडघ्यांमुळे कुठल्या ऑफिसात नेणं म्हणजे दिवसभराचा कार्यक्रम, म्हणून पाचपाखाडीला घरीच येऊन लिव्ह अँड लायसन्स करून देणाऱ्या एका एजंटला बोलावलं. साडेतीन स्टार.

आधी चांगलं सांगते. मुलगा सांगितलेल्या वेळेला आला, तेही घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून, म्हणजे अर्धा स्टार तर तिथेच. लॅपटॉप, वेबकॅम, अंगठ्याचं मशीन सगळं बरोबर. आईचा अंगठा मशीन काही घेईना, जन्मभर भांडी घासलेले हात, रेषा राहणार कुठून, पण हा पोरगा वैतागला नाही, हात पुसायला लावून, आजी जरा दाबा, आता हळू, असं करत करत घेतलाच शेवटी. भाडेकरू ऐरोलीच्या माइंडस्पेस आयटी पार्कला कामाला आहे, त्याचा फोटो-अंगठा या पोराने ऐरोलीत जाऊन वेगळा घेतला, सगळ्यांनी एका जागी जमायची भानगड नाही.

पैसे. हे लोक फोनवर एकच गोळा आकडा सांगतात, तो फोडून मागा. समजा २४,००० भाडं, १ लाख डिपॉझिट, १२ महिन्यांचा करार. वर्षाचं भाडं २,८८,००० आणि डिपॉझिटवर १० टक्के व्याज धरून १०,०००, या बेरजेच्या ०.२५ टक्के स्टॅम्प ड्युटी, म्हणजे साडेसातशेच्या आसपास. महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन फी १,०००. किरकोळ ऑनलाइन चार्ज सोडला तर याच्यावर जे मागतात ते सगळं एजंटचं. घरी येतात तर घ्यावेत, पण "सरकारी फीच एवढी आहे मॅडम" हे ऐकून घेऊ नका.

आता दीड स्टार कुठे गेला ते. ड्राफ्ट! त्यांच्याकडे एक तयार फॉरमॅट असतो आणि त्यात नावं बदलून देतात. आमच्या ड्राफ्टमध्ये आधीच्या कुणाचातरी पार्किंग नंबर तसाच होता, आमच्याकडे पार्किंगच नाही!! लॉक-इनचा (अमुक महिने करार मोडायचा नाही या अटीचा) उल्लेख नाही, महावितरणचं आणि पाइप गॅसचं बिल कोण भरणार ते नाही, घर सोडताना रंगाचे पैसे कुणाचे ते नाही, पंखे-गिझर-कपाटांची यादी कोरी. सांगितल्यावर "सगळे हाच घेतात" म्हणत म्हणत बदललं. अंगठा दिल्यावर मग काही बदलत नाही, त्यामुळे पीडीएफ आदल्या दिवशी मागवा आणि भाडेकरूलाही वाचायला द्या, नंतर भांडणं याच गोष्टींवरून होतात.

दुसऱ्या एकाने आम्हाला फोनवर ११ महिन्यांचं नोटरी करून स्वस्तात देतो सांगितलेलं. त्याला नको म्हटलं. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ आहे, करार लेखी आणि रजिस्टर्ड हवा, ११ महिन्यांचा असला तरी, आणि ती जबाबदारी मालकाची. नाही केला तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे उद्या वाद झाला की अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, खोटं आहे हे आपण सिद्ध करत बसायचं. रजिस्टर्ड असेल आणि मुदत संपून माणूस हलला नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, भाड्याच्या दुप्पट पैसेही मागता येतात.

पोलिसांना भाडेकरूची माहिती कळवायचं काम आमच्या एजंटच्या पॅकेजमध्ये नव्हतं, वेगळे पैसे सांगितले. मी नाही दिले, ऑनलाइन फॉर्म आपला आपण भरता येतो.

आणि सोसायटीत कॉपी देताना नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसचं (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी लावते ते) बघून घ्या, सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत, तेही महापालिकेचा टॅक्स वगळून. आमच्या मॅनेजरने अख्ख्या मेंटेनन्सवर १० टक्के काढले होते, २००१ चा सरकारी आदेश दाखवल्यावर बिल बदलून मिळालं.