ठोकलेल्या मिआटातून काढलेला १.८ चा डिफ: दहा महिन्यांच्या वापरानंतर

१९९० ते १९९३ मधल्या १.६ लिटर इंजिनाच्या माझ्दा मिआटाला (छोटी स्पोर्ट्स कार) १९९४ पासूनच्या १.८ लिटरवाल्या मिआटाचा टोर्सन डिफ (मागच्या दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा, एकच चाक गरगरू न देणारा डिफरेन्शियल) बसवणं, हा अमेरिकेतल्या मिआटावाल्यांचा जुना उद्योग. मूळ डिफची क्राउन (आतलं मोठं दातेरी चाक) सहा इंची, याची सात इंची. टर्बो लावलेल्या किंवा ट्रॅकवर पिटाळलेल्या गाडीत लहान डिफ टिकत नाही. मोठ्याचा पुरवठा मुख्यतः ठोकलेल्या गाड्यांतूनच होतो. मी बसवलेला हा सेट पुढून आपटलेल्या गाडीतला.

खुद्द डिफबद्दल तक्रार शून्य. ओल्या रस्त्यावर वळणातून बाहेर पडताना आतलं चाक एकटंच गरगरत नाही. रेशो (चाकाच्या एका फेऱ्यामागे गिअरबॉक्सकडून येणाऱ्या दांड्याचे फेरे) ४.३० वरून ४.१० झाल्याने पिकअप जरासा मंदावतो, त्या बदल्यात हायवेवर इंजिनाचे फेरे कमी होतात. आवाज नाही, गळती नाही.

डोकेदुखी झाली ती ‘पूर्ण सेट’ या शब्दाची. विकणाऱ्याच्या लेखी पूर्ण म्हणजे डिफ आणि दोन हाफ शाफ्ट (डिफपासून चाकांपर्यंतचे दांडे). पण १.६ च्या प्रोपेलर शाफ्टची (गिअरबॉक्सपासून डिफपर्यंतचा लांब दांडा) फ्लँज, म्हणजे बोल्टने जोडायची चकती, या डिफला बसत नाही, तेव्हा १.८ चा प्रोपेलर शाफ्ट हवाच. तो घेताना त्याच्या टोकाचा वळणारा सांधा, युनिव्हर्सल जॉइंट, हाताने चारी बाजूंना वाकवून बघावा. मधोमध अडकल्यासारखा लागला तर सोडून द्यावा, कारण कंपनीचे जॉइंट ठोकून पक्के केलेले असतात, सुटे बदलता येत नाहीत. हाफ शाफ्टची बाहेरची टोकं मात्र चाकाच्या जुन्या हबमध्ये सरळ जातात.

आणि एक वस्तू जवळपास सगळेच विसरतात: गिअरबॉक्सवरचा प्लास्टिकचा स्पीडोमीटर गिअर. मीटरची केबल गिअरबॉक्सवरून चालते, त्यामुळे डिफचा रेशो बदलला की मीटर सुमारे ५ टक्के कमी दाखवतो. म्हणजे खरा वेग जास्त आणि काटा खाली, नेमकी दंड भरायला लावणारी चूक. जुन्या गिअरला २१ दात, १.८ च्या गिअरला २०. तो बदलला की हिशोब जुळतो. ठोकलेल्या गाडीतून तो काढायला पाच मिनिटं लागतात. गाडी क्रशरखाली गेल्यावर तोच शोधत फिरावं लागतं.

विकणाऱ्यांनी काढतानाच थोडी काळजी घेतली तर पुढची निम्मी भांडणं टळतील. ऍक्सलचा नट (२९ मिमी सॉकेट) गाडी चाकांवर उभी असतानाच सैल करावा; उचलल्यावर चाक फिरतं आणि नट हलत नाही. हाफ शाफ्ट दांडा धरून ओढू नये, आतला जॉइंट रबरी बुटातच निखळतो. पहारीने डिफच्या कडेला टेकून उपसावा, पण सील जपून. डिफ आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी लांब ऍल्युमिनियमची फ्रेम, पीपीएफ, कापू नये. डिफच्या बाजूला दोन लांब बोल्ट असतात, त्यातल्या एकाची स्लीव्ह जाम झालेली असते. रात्रभर तेल सोडून ठेवलं की ती निघते. मागून ठोकलेल्या गाडीचा डिफ असेल तर तो गाडीला धरून ठेवणाऱ्या दोन्ही कानांची तडा गेलाय का म्हणून तपासणी करावी, आणि ते फोटो जाहिरातीत टाकावेत.

टोर्सनच आहे हे सिद्ध करणंही विकणाऱ्याचं काम, कारण १.८ च्या कित्येक गाड्यांत साधा डिफ होता. काढण्याआधी मागची दोन्ही चाकं उचलून, गिअर न्यूट्रल आणि हँडब्रेक सोडून एक चाक हाताने फिरवावं. दुसरं त्याच दिशेने फिरलं तर माल खरा. उलट फिरलं तर साधा. दहा सेकंदांचा व्हिडिओ पुरतो.

पाठवताना तेल संपूर्ण काढून शाफ्टची भोकं बुचांनी बंद करावीत. खोकं तेलकट झालं की कुरिअरवाले परत पाठवतात.

बसवताना: दोन्ही बाजूंची सील, शाफ्टच्या टोकाच्या क्लिप आणि ऍक्सल नट नवेच घालावेत. नट २१६ ते २९४ न्यूटन मीटरला आवळून त्याची कड खाचेत ठोकायची. जुन्या डिफला ०.६५ लिटर तेल लागायचं, याला १ लिटर लागतं. सवयीने जुनं माप ओतू नये, भरायच्या भोकातून बाहेर येईपर्यंत ७५डब्ल्यू-९० जीएल-५ दर्जाचं गिअर तेल घालावं. पीपीएफ पुन्हा बसवताना उंची नीट मोजली नाही तर गाडी थरथरते आणि दोष उगाच या डिफच्या माथी जातो.

त्याच गाडीचे १.८ चे ब्रेक घ्यायचे असतील तर पुढे २५५ मिमी रोटर, म्हणजे ब्रेकची चकती (१.६ ला २३५), त्यासोबत त्याचे ब्रॅकेट आणि पॅड. जुने कॅलिपर चालतात. नुसते रोटर विकणारा आणि नुसते रोटर घेणारा, दोघांनाही परत यावं लागतं.