डबल मार्कर (बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता सांगणारी गरोदरपणातली रक्ताची टेस्ट) हाय रिस्क आली, आता एनआयपीटी (आईच्या रक्तातल्या डीएनएची टेस्ट) करू की थेट अम्निओ (गर्भजलाची टेस्ट)?

आधी रिपोर्टातला धोक्याचा आकडा नीट वाच. १:१८० म्हणजे असाच रिपोर्ट असलेल्या १८० जणींपैकी १७९ जणींच्या बाळाला डाऊन सिंड्रोम (एक गुणसूत्र जास्त असल्याने होणारा जन्मजात दोष) नसतो. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं, लाल अक्षरं बघून दोन रात्री रडून काढल्या, त्यात सासूबाईंचं चालूच, आमच्या वेळी कुठे होत्या गं असल्या टेस्टा.

डबल मार्कर आणि एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी मोजणारी सोनोग्राफी) मिळून १०० तल्या साधारण ९० केसेस सापडतात पण २० जणींमागे एकीला उगाच घाबरवतात. एनआयपीटीत तुझ्याच हातातून रक्त घेतात, दहाव्या आठवड्यापासून कधीही, बाळाला सुई नाही, डाऊनसाठी पकड ९९ टक्क्यांच्या आसपास आणि चुकीचं पॉझिटिव्ह हजारात एखादं. खर्च मात्र झोंबतो, डबल मार्कर दोन-तीन हजारांत होते तिथे हिला दहा ते पंचवीस हजार! आणि त्या रक्तात जो डीएनए असतो तो खरं तर वारेचा (प्लॅसेंटाचा), बाळाचा नाही, दोन्ही बहुतेक वेळा जुळतात पण नेहमीच नाही, म्हणून पॉझिटिव्ह आली तरी अम्निओ लागतेच.

अम्निओ १५ आठवड्यांनंतर, सोनोग्राफीत बघत सुईने गर्भजल काढतात. गर्भपाताची भीती सगळ्याच घालतात पण अनुभवी हातात तो धोका २०० त १ पेक्षाही कमी. पहिला रिपोर्ट ३-४ दिवसांत मिळू शकतो, पूर्ण यायला दोन-तीन आठवडे.

माझं मत विचारशील तर एनटी नॉर्मल असेल आणि आकडा हाय रिस्कच्या बॉर्डरजवळ असेल तर एनआयपीटी. एनटी ३.५ मिमी किंवा जास्त असेल, नाहीतर सोनोग्राफीत काही दिसलं असेल, तर सरळ अम्निओ, कारण एनआयपीटीत बाकीचे बरेच दोष सुटतात आणि वर आठ-दहा दिवस जातात ते वेगळेच. ते दिवस महागात पडतात, २४ आठवड्यांनंतर गर्भपाताचा विषय आलाच तर मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं. नवरा-बायको दोघंही थॅलेसेमियाचे (रक्ताचा आनुवंशिक आजार) कॅरिअर असाल तर नेहमीची एनआयपीटी कामाचीच नाही, वारेचा तुकडा तपासतात ती टेस्ट विचार, ती ११ ते १४ आठवड्यांत होते. (मुलगा की मुलगी हे यातल्या कुठल्याच रिपोर्टात सांगत नाहीत, कायदाच आहे, नातेवाईकांना आधीच सांगून ठेव.)

मी एनआयपीटी केली, लो रिस्क आली, तरी अ‍ॅनोमली स्कॅन (बाळाचे अवयव नीट बघायची सोनोग्राफी) सोडला नाही, हृदयाचे न मणक्याचे दोष एनआयपीटीत दिसत नाहीत आणि मणक्याच्या काही दोषांवर आता पोटातच ऑपरेशन होतं, पण तेही २६ आठवड्यांच्या आत.