तुर्भ्याचं एबीएस मॉड्यूल रिपेअरिंग: काम चोख, वेळेच्या नावाने बोंब

गाडीचं एबीएस मॉड्यूल, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारं युनिट, गेलंय असं कुणी सांगितलं, तर नव्याची ऑर्डर देण्याआधी एकदा तुर्भे एमआयडीसीतल्या या दुकानात गाडी दाखवा. माझे चांगले चाळीसेक हजार वाचलेत, म्हणून सविस्तर लिहितेय.

माझा कोपरखैरण्यात डब्यांचा व्यवसाय आहे. पहाटे वाशीच्या एपीएमसीतून माल आणायचा, दुपारी महापे-रबाळ्याच्या कंपन्यांत डबे पोचवायचे, सगळं एकाच हॅचबॅकवर. भर पावसात ठाणे-बेलापूर रोडवर एबीएसचा पिवळा दिवा लागला, आणि हँडब्रेक खाली असूनही त्याचा लाल दिवाही. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी स्कॅनर लावला, पंप मोटरचा सी ०११० कोड निघाला आणि लगेच कोटेशन हातात: अख्खं युनिट बदला, ४८,००० रुपये. वर "तोवर चालवा हो मॅडम, ब्रेक लागतायत की!"

ब्रेक लागत होते हे खरंच. ते का लागत होते, हे मला तुर्भ्यातल्या दादांनी समजावलं. मॉड्यूलमध्ये प्रत्येक चाकासाठी दोन व्हॉल्व्ह असतात. आत जाणारा एरवी उघडाच असतो आणि सोडणारा एरवी बंद. त्यामुळे मॉड्यूलचा करंट गेला तरी पायाचा दाब सरळ चाकापर्यंत पोचतो, गाडी साध्या ब्रेकवर चालते. एबीएस असताना चारही चाकांचे सेन्सर मॉड्यूलला वेग कळवत राहतात. जोरात ब्रेक मारल्यावर एखादं चाक बाकीच्यांपेक्षा एकदम मंदावलं, म्हणजे आता ते जाम होऊन घसरणार. मग मॉड्यूल त्या चाकाचा आत जाणारा व्हॉल्व्ह बंद करतं. तेवढ्याने भागलं नाही तर दुसरा उघडून दाब सोडतं, आणि सुटलेलं ब्रेक ऑइल पंप परत मास्टर सिलिंडरकडे ढकलतो. चाक फिरू लागलं की पुन्हा दाब. हे सगळं एका सेकंदात कितीतरी वेळा. चाक फिरतं राहतं म्हणून ब्रेक दाबलेला असतानाही स्टिअरिंग वळवलं की गाडी वळते.

दोन दिवे का, असंही मी विचारलं. पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारं ईबीडीसुद्धा याच डब्यातून चालतं. ते बंद पडलं की जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी जाम होऊ शकतात. "ताई, माल भरून येताना एक वेळ ठीक. रिकामे डबे घेऊन परत जाता ना, तेव्हा जास्त जपा. मागचा भाग हलका असतो." तोवर चालवा म्हणणाऱ्याने हे सांगायला काय हरकत होती?

दादांनी आधी बॅटरी, फ्यूज, अर्थिंग आणि मॉड्यूलचा प्लग तपासला. ते सगळं ठीक निघाल्यावरच मॉड्यूलला हात लावला. तेही ब्रेकचे पाइप न सोडता. व्हॉल्व्ह आणि पंपाचा ॲल्युमिनियमचा ठोकळा गाडीतच ठेवून त्याला स्क्रूने बसवलेला काळा प्लास्टिकचा डबा तेवढा काढला. माझ्या गाडीत हे जमतं. त्यात ओळीने आठ कॉइल, चार चाकांच्या आठ व्हॉल्व्हसाठी. झाकण चिकटवलेलं असतं, ते कडेने कापून आतली सर्किटची पाटी मायक्रोस्कोपखाली धरली आणि मला स्क्रीनवर दाखवली. पंप मोटरला करंट देणाऱ्या पिनेच्या बुडाशी, सोल्डरमध्ये, केसाएवढी गोल चीर. बस, एवढंच. या चिरेपायी ४८ हजार!

जुनं सोल्डर काढून नवं घातलं, झाकण सिलिकॉनने सील केलं. बिल ८,५०० आणि सहा महिन्यांची वॉरंटी. सगळेच मॉड्यूल असे दुरुस्त होतात असंही नाही. काहींच्या आत केसासारख्या बारीक ॲल्युमिनियमच्या तारा असतात, तिथे साधं सोल्डरिंग चालत नाही. माझ्यासमोर एकाला त्यांनी "हे माझ्याच्याने होणार नाही" म्हणून परत पाठवलं. मला तिथेच माणूस पटला.

आता तक्रारी. "उद्या संध्याकाळी नक्की" या वाक्यावर विसंबू नका. मला टेम्पो भाड्याने घेऊन डबे पोचवावे लागले. फोन उचलत नाहीत. बसायला एक स्टूल, त्यावरही बहुधा कुणाचं तरी बंपर. जीएसटीचं बिल मागितल्याशिवाय मिळत नाही.

गाडी देताना मात्र मागच्या रिकाम्या रस्त्यावर नेऊन मलाच ब्रेक मारायला लावला. पेडल पायाखाली थडथडलं, बोनेटमधून गर्रर्र आवाज आला. "घाबरून पाय उचलायचा नाही, दाबून धरायचा." आमचे हे अजून जुन्या फियाटच्या सवयीने ब्रेक पंप करतात, त्यांना हे ऐकवायला मुद्दाम पुन्हा घेऊन गेले. खडीवर एबीएस असूनही गाडी थांबायला जास्त अंतर लागू शकतं, हेही दादांनी बजावलं. आमच्या गल्लीत खोदकाम कायमचंच, त्यामुळे ते लक्षात राहिलं.

पाचपैकी चार तारे. एक वेळेसाठी कापला. स्कॅनिंगचे ५०० घेतात, काम केलं तर बिलातून वजा करतात. शनिवारी जाऊ नका, गल्लीत गाडी वळवायलासुद्धा जागा नसते.