पुतण्याच्या उपचारासाठी ऑनलाइन वर्गणी : नऊ महिन्यांचा हिशेब

मी कराडात फ्लेक्स आणि लग्नपत्रिका छापतो. शिवाय अकरा वर्षं आमच्या गणेश मंडळाचा खजिनदार आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगतो, कारण या प्रकरणात दोन्ही कामाला आल्या. ज्या वेबसाइटवर आम्ही पैसे गोळा केले तिचं नाव लिहीत नाही. बोलणी अजून मिटलेली नाहीत, आणि इतरांचे अनुभव ऐकले तर या धंद्यातल्या बऱ्याच जणांची तऱ्हा सारखीच दिसते.

धाकटा भाऊ एसटीत ड्रायव्हर. त्याच्या मुलाला, साडेतीन वर्षांच्या पोराला, एप्रिल २०२४ मध्ये न्यूरोब्लास्टोमा निघाला, लहान मुलांना होणारा एक कॅन्सर. पोट टणक लागतंय म्हणून दाखवायला नेलं होतं. डोळ्यांभोवती काळेनिळे डाग आले होते, ते आम्ही कुठंतरी आपटला असेल म्हणून सोडून दिलेले. सोनोग्राफी झाली आणि तिथून थेट परळ, टाटा. आजार हाडांपर्यंत पोचलेला. केमो, ऑपरेशन, बोन मॅरोचं ट्रान्सप्लांट, रेडिएशन आणि शेवटी इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं), असा सगळा क्रम डॉक्टरांनी कागदावर काढून दिला. पहिले चार टप्पे टाटाचे दर, महात्मा फुले योजना आणि ट्रस्टांची मदत यांत कसेबसे बसत होते. गाडी अडली ती पाचव्यावर. ती औषधं इथं दुकानात मिळत नाहीत.

मुंबईत आईबापांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच नाव सारखं यायचं, स्पेनमधलं बार्सिलोना. तिथल्या सान्त जोआन दे देऊ हॉस्पिटलात या आजारावर नॅक्सिटामॅब नावाचं इम्युनोथेरपीचं औषध देतात. त्यांची मुलांच्या कॅन्सरची इमारतच देणग्यांतून उभी राहिली, मेस्सीच्या फाउंडेशननं मोठी रक्कम दिली आणि २०२२ ला ती सुरू झाली, हे मी घरी वाचून दाखवलं. आई म्हणाली, "म्हणजे तेबी मंडळच की." राहणं, विमान, औषध सगळं धरून आमचा आकडा निघाला २ कोटी ४० लाख. भावाचा पगार लिहीत नाही, एसटीवाल्यांना माहीत आहे. मुख्यमंत्री सहायता निधी काय, पंतप्रधान निधी काय, दोन्ही देशातल्या उपचारांसाठी. परदेश म्हटलं की ती दारं बंद.

ऑगस्ट २०२४ मध्ये वेबसाइटवर पेज काढलं. इथपर्यंतचा अनुभव चांगला होता, ते कबूल केलं पाहिजे. बायोप्सीचा रिपोर्ट, हॉस्पिटलचं अंदाजपत्रक, आधार, पॅन दिलं आणि दोन दिवसांत पेज सुरू झालं. यूपीआय असल्यामुळं ५१ रुपये देणाराही देऊ शकत होता. पावती पुस्तक घेऊन मी दारोदार फिरलोय. ५१ रुपये हातात देताना माणूस ओशाळतो, इथं ओशाळायचं कारण नाही. पहिल्या आठवड्यात सव्वाचार लाख आले.

तक्रारी त्यानंतरच्या.

पहिली 'टिप'ची. जाहिरातीत 'शून्य टक्के शुल्क' असं मोठ्या अक्षरात आहे, आणि ते खोटंही नाही. पण देणारा रक्कम भरतो तेव्हा खाली वेबसाइटसाठीची टिप आधीच टाकलेली असते. ती काढायची तर 'इतर'वर जाऊन हातानं शून्य लिहायचं. माझ्या प्राथमिक शाळेच्या बाईंनी, वय ७८, हजार रुपये भरले आणि खात्यातून १,१२० गेले. त्यांनी फोन करून विचारलं, "अरे, १२० कशाचे?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून मी लिंकच्या आधी दोन ओळी लिहायला लागलो : टिप शून्य करा, सगळे पैसे बाळाला द्या. कंपनीतून फोन आला, असं लिहू नका. मी लिहीतच राहिलो.

दुसरी फोटोची. आम्हाला एक 'रिलेशनशिप मॅनेजर' दिला होता, विशीतला पोरगा, बोलायला गोड. तो म्हणाला, सर, थोडा इमोशनल फोटो पाहिजे, सलाइन लावलेला, रडतानाचा असेल तर उत्तम. वहिनी शेजारीच होती. ती म्हणाली, "त्याचे केस गेलेत तेवढं बास झालं. फोटोसाठी माझ्या पोराला रडवायचं नाही." मग आम्ही आजारपणाच्या आधीचा एक फोटो लावला. बापाच्या मांडीवर, एसटीचं स्टेअरिंग धरलेला, जीभ बाहेर. मॅनेजर म्हणाला, याला 'कन्व्हर्जन' येणार नाही, म्हणजे बघणारे पैसे देणार नाहीत. तो फोटो कराड डेपोच्या ग्रुपवरून पाटण, वडूज, सांगली, मिरज, पार अक्कलकोटपर्यंत गेला. कंडक्टर लोकांनी शंभर-दोनशेनं टाकायला सुरुवात केली. संदेशात बिल्ला नंबर लिहायचे. ते सगळे नंबर मी वहीत उतरवून घेतलेत.

तिसरी जाहिरातीची, आणि इथं मी चुकलो. नोव्हेंबरमध्ये ओघ आटला. पहिला भर ओसरला की आटतोच, विसर्जनानंतर वर्गणी मागितल्यासारखं होतं. मॅनेजरनं 'मार्केटिंग सपोर्ट' सुचवला. फेसबुक-इन्स्टावर ते जाहिरात करणार, तुम्ही खिशातून काही द्यायचं नाही, जमलेल्या रकमेतून खर्च वळता होईल. 'खिशातून नाही' एवढंच मी ऐकलं. करारपत्र इंग्रजीत सोळा पानी, सही मी केली. नंतर व्हिडिओ पाहिला तर त्यात हिंदीत एक बाई हुंदके देत बोलतेय, "मेरे बच्चे को बचा लीजिए." भाऊ म्हणाला, "हे आपल्यातलं कोण?" आवाज विकतचा होता. जानेवारीअखेर मी हे बंद करायला लावलं. तोवर जाहिरातीतून २२ लाख ६० हजार आले होते आणि खर्च ९ लाख ८० हजार धरला होता, जीएसटीसकट. म्हणजे कुणीतरी अनोळखी माणसानं शंभर रुपये पाठवले तर त्यातले ४३ जाहिरातीलाच गेले. मंडळात मी असा हिशेब मांडला असता तर पोरांनी मला मांडवातच धरलं असतं.

त्याच व्हिडिओची चोरीही झाली. कुणीतरी तो उतरवून खाली स्वतःचा क्यूआर चिकटवला आणि फिरवला. एका नातेवाइकानं त्यावर ५,००० भरले तेव्हा कळलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, वेबसाइटलाही कळवलं. व्हिडिओ दोन दिवसांत निघाला, ५,००० गेले ते गेलेच. मग मी छापखान्यात नवे फ्लेक्स काढले. त्यावर क्यूआरखाली ठळक लिहिलं : स्कॅन केल्यावर हेच नाव दिसलं तरच पैसे भरा.

आता परदेशी पैसे पाठवण्याबद्दल, कारण हे कुणी सांगत नाही. वेबसाइट पैसे देते ते रुपयांत आणि भारतातल्या खात्यात. स्पेनला पाठवायचं काम आईबापाचं, बँकेतून, रिझर्व्ह बँकेच्या एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली. त्यात एका माणसाला आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, हॉस्पिटलचं अंदाजपत्रक असेल तर उपचारासाठी त्यापुढंही जाता येतं. बँकेत त्यासाठीचा ए-टू फॉर्म मागितला तर आमच्या शाखेतल्या साहेबांनी तीन टेबलं फिरवलं. मग टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ घेते तो कर. उपचाराच्या रकमेवर त्या वर्षी ७ लाखांच्या वर ५ टक्के कापत होते, एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा १० लाख झाली. दोन कोटी पाठवायचे तर जुन्या नियमानं ९ लाख ६५ हजार आधी भरायचे. रिटर्न भरल्यावर परत मिळतात हे खरं, पण पोराचं औषध रिटर्नसाठी थांबत नाही. मर्यादा पाठवणाऱ्याच्या पॅनवर मोजतात, त्यामुळं आईच्या आणि वडलांच्या खात्यातून वेगवेगळे पाठवले तर थोडे वाचतात. हे आम्हाला सीएनं सांगितलं.

त्यानंच आणखी एक गोष्ट सांगितली, आणि माझ्या पोटात गोळा आला. नात्याबाहेरच्या लोकांकडून वर्षात ५० हजारांच्या वर आलेले पैसे माणसाच्या उत्पन्नात धरले जाऊ शकतात. भावाच्या बचत खात्यात तोपर्यंत ११ लाख येऊन पडले होते. त्या दिवसापासून एक रुपयाही भावाच्या खात्यात घेतला नाही. बिल आलं की वेबसाइटकडून थेट हॉस्पिटलच्या खात्यात. ही सोय त्यांच्याकडं आहे आणि ती चोख चालते, दोन-तीन दिवसांत पैसे पोचायचे. तुम्ही पेज काढणार असाल तर पहिल्या दिवसापासून हेच करा. ८०जीची, म्हणजे देणगीवर आयकरात सूट मिळवून देणारी, पावती मागणाऱ्यांना मात्र नाही म्हणावं लागतं. एका माणसाच्या नावानं काढलेल्या पेजवर ती मिळत नाही, त्याला नोंदणीकृत संस्था मध्ये लागते. दोन कारखानदार त्यामुळं मागं फिरले.

न्यू जर्सीतली मामेबहीण मदतीला आली. गोफंडमी ही अमेरिकेतली अशीच वर्गणीची वेबसाइट भारतातल्या माणसाला पेज काढू देत नाही, म्हणून तिनं स्वतःच्या नावानं काढलं आणि तिथल्या मराठी मंडळींत फिरवलं. ११,२०० डॉलर जमले. तिनं प्रत्येकाला मराठीत आभाराचा संदेश पाठवला, आमच्याच्यानं ते झालं नाही.

मार्च २०२५ मध्ये हातात होते सुमारे ८५ लाख, आणि ट्रान्सप्लांट उरकलेलं. बार्सिलोनाचं औषध महिन्याला एक पाळी असं द्यायचं, पाच पाळ्या. शेंगेन व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसांचा. पैसे पुरत नव्हते आणि दिवसही. तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितलं जे त्यांनी पहिल्या भेटीत सांगितलं होतं आणि आम्ही कानाआड केलं होतं : याच जातीचं दुसरं औषध, डिनुटुक्सिमॅब बीटा, रुग्णाच्या नावानं सीडीएससीओचा (केंद्राच्या औषध नियंत्रण खात्याचा) परवाना काढून मागवता येतं आणि इथंच देता येतं. जीएसटी परिषदेनं जुलै २०२३ मध्ये स्वतःच्या वापरासाठी मागवलेल्या या औषधावरचा आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा जीएसटी, माफ केलाय. तो आधी १२ टक्के होता. आमचं कोटेशन हॉस्पिटलच्या खर्चासकट ७९ लाख आलं. स्पेनच्या नादात आम्ही हे आधी नीट ऐकूनही घेतलं नव्हतं. २ कोटी ४० लाखांचा फ्लेक्स मीच छापला होता, चौकाचौकात लावला होता. आकडा एकदा लागला की माणूस त्याच्याच मागं धावतो.

आता पंचाईत अशी, की पेजवर 'स्पेन' लिहिलेलं. लोकांनी स्पेनसाठी दिलेत. मला वाटलं सगळ्यांना कळवलं पाहिजे, बदल का केला ते कागदांसकट. वेबसाइटवर 'अपडेट' टाकायची सोय आहे, पण ते सगळ्यांना मेलनं जाईलच असं नाही. मॅनेजर म्हणाला, सर, कशाला सांगताय, लोक विसरलेत. मी तरी टाकलं, व्हॉट्सअॅपवरही फिरवलं. ४१ जणांनी पैसे परत मागितले. सगळे मिळून ६३ हजार. त्यांचा हक्कच होता तो. पण परत करायला वेबसाइटनं १९ दिवस आणि १४ ई-मेल घेतल्या. तोवर त्यातल्या काहींनी आम्हाला फसवे ठरवून मोकळं केलं होतं. एकानं उलट आणखी २,००० टाकले आणि लिहिलं, "जवळ झालं ते बरं झालं."

एकूण हिशेब असा. पेजवर जमले ७१ लाख ४० हजार. जाहिरातीचे ९ लाख ८० हजार आणि पैसे भरण्याच्या व्यवहारांचं शुल्क सुमारे २ लाख १० हजार गेले. राहिले ५९ लाख ५० हजार. मंडळ, एसटी कर्मचारी, भिशीतल्या बायका, दूध संस्था यांचे पावती पुस्तकावर १८ लाख ७० हजार. यात मंडळानं त्या वर्षी डीजे न लावता दिलेले १ लाख १० हजार आहेत. अमेरिकेतून साडेनऊ लाखांच्या आसपास. परत केलेले ६३ हजार वजा करून ८७ लाखांवर थोडे. पावती पुस्तकाचा खर्च, माझ्याच छापखान्यात, ६४० रुपये.

पाचपैकी अडीच तारे देतो. वर्गणीची पेटी म्हणून ही वेबसाइट चांगली आहे. दूरचा माणूस पैसे टाकू शकतो, हॉस्पिटलला वेळेवर पोचतात, हिशेब उतरवून घेता येतो. पण पेटी पैसे मागत नाही, मागावे आपल्यालाच लागतात. ती मागायला लागली की कशी मागते ते त्या हिंदी व्हिडिओत पाहिलं. मराठी मजकुराची त्यांची सोयही यथातथाच. 'आपल्या मुलाची लढाई जिंकण्यासाठी योगदान करा' असली वाक्यं मी सगळी खोडून पुन्हा लिहिली.

पोराची सध्या तिसरी पाळी चालू आहे. औषध दहा दिवस अखंड पंपातून जातं, पंप छोट्या पिशवीत. तो त्याला दप्तर म्हणतो आणि दुसऱ्या कुणाला धरू देत नाही. पहिल्या पाळीत दुखणं फार होतं, आता कमी आहे. पेज बंद करा म्हणून मी तीनदा लिहिलंय. परवा मॅनेजरचा फोन आला. नवा पोरगा होता, जुना सोडून गेला म्हणे. "सर, बरेच दिवस झाले, स्टोरी रिफ्रेश करूया का?" मी त्याला बिलाची प्रत मागितली, ९ लाख ८० हजारांची, ओळीओळीनं. तो म्हणाला, पाठवतो.